अल्पदृष्टी असलेली मुलगी पाचवीत येतेय. पहिला बाक दिला, आता पुढे काय?

प्रश्न – वर्गशिक्षक, जि. प. शाळा
पट ३४. मुलीच्या चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासह ६/६०, म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते तिला ६ मीटरवरून दिसतं. वाचते, पण पुस्तक नाकाशी धरून आणि सावकाश. फळ्यावरचं गणित उतरवताना अंक चुकतात. विशेष शिक्षक आठवड्यातून एकदाच येतात. बाकीचे दिवस मी वर्गात नेमकं काय बदलू?

विशेष शिक्षक
सर, आधी बाकापासून फळ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. ६/६० दृष्टीला २ मीटरवरून साधारण ३ सेंमी उंचीचं अक्षर जेमतेम ओळखू येतं. सलग वाचायचं तर त्याच्या दुप्पट, म्हणजे ६ सेंमी हवं. एवढ्या आकारात सगळं फळ्यावर मावणार नाही, म्हणून लिहिता लिहिता मोठ्याने बोला. "यातून हे वजा करा" असं नको, "२४७ मधून ८९ वजा" असं पूर्ण म्हणा. याला पैसा लागत नाही आणि मागच्या बाकावरच्या मुलांनाही फायदा होतो.

तिचं तोंड खिडकीकडे नको, उजेड मागून किंवा बाजूने यावा. फळा चकाकत असेल तर पहिला बाकही निरुपयोगी ठरतो. तिथे बसून बघा आणि मगच जागा ठरवा.

पुस्तक जवळ धरल्याने डोळे बिघडत नाहीत, अक्षर मोठं दिसतं म्हणून ती तसं धरते. दुखते ती मान. बाकावर पुस्तक ठेवायला तिरका लाकडी स्टँड सुताराकडून करून घ्या. बुबुळं सतत हलत असतील तर ती मान वाकडी करून पाहील. त्या कोनात बुबुळं कमी हलतात, त्यामुळे "सरळ बस" म्हणू नका.

भाषाशिक्षिका
छापील मजकुराबद्दल. ए-४ पानाची ए-३ वर झेरॉक्स काढली की अक्षर १४१ टक्के होतं, १२ पॉइंटचं जवळपास १७. बऱ्याच मुलांना १८ ते २४ लागतं. तीन आकारांत एकच उतारा देऊन कुठे कमी अडखळते ते पाहा. देवनागरीत फार ठळक टाइप घातक, कारण अक्षरांच्या पोटातली जागा बुजते आणि घ-ध, भ-म, प-ष सारखेच दिसू लागतात. रफार आणि अनुस्वार आधी हरवतात, म्हणून ओळींमध्ये अंतर वाढवा. तिच्या श्रुतलेखनात नेमके अनुस्वारच गळत असतील तर ती शुद्धलेखनाची चूक समजून गुण कापू नका.

नकाशा नुसता मोठा करू नका, गर्दीही मोठी होते. हवी तेवढीच सीमारेषा आणि नद्या जाड स्केचपेनने नव्याने काढा. गणिताला मोठ्या चौकटींची वही द्या, एका चौकटीत एक अंक. हातच्याची गल्लत बरीच कमी होते.

वर्गशिक्षक
धन्यवाद. सध्या शेजारची मुलगी तिला सगळं उतरवून देते. चालेल ना?

विशेष शिक्षक
चालत नाही सर. वही भरते आणि ती काय शिकली ते कळतच नाही. शेजारणीने फळ्यावरचं वाचून दाखवावं, लिहायचं हिने. ही जोडीही दर आठवड्याला बदला, नाहीतर एकाच मुलीवर भार पडतो आणि हिला कायमची मदतनीस लागते. मधल्या सुट्टीतला खेळही बघा. पिवळा चेंडू आणि चुन्याने आखलेली जाड रेघ असेल तर ती खेळात उतरते.

केंद्रप्रमुख
कागदपत्रांचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना १८ वर्षांपर्यंत मोफत पुस्तकं व साधनं, हे दोन्ही आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हातात नसलं तरी वर्गातले बदल आजच सुरू करा, ते कागदावर अवलंबून नाहीत. घटक चाचणीतही तासाला २० मिनिटं जादा द्या, पण प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात असेल तरच. बारीक छपाईवर जादा वेळ दिला तर डोळे फक्त जास्त थकतात. वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात, म्हणजे फक्त तिच्यासाठी शिकण्याची उद्दिष्टं लिहितो त्या कागदात, "वाचन सुधारणे" लिहू नका. "१८ पॉइंटमधला ८० शब्दांचा उतारा दिवाळीपर्यंत ४ मिनिटांत" असं लिहा, म्हणजे तपासता येईल.