बिया खाताय? कशा, किती, आणि मग काय झालं? सोलापूरकरांचे अनुभव

सूनबाई, जुळे सोलापूर

आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या तक्त्यात 'मिक्स सीड्स, सकाळी २ चमचे' असं लिहून आलं. भोपळा, सूर्यफूल, चिया, जवस, तीळ. ऑनलाइन मागवलेली पाकिटं ओट्यावर मांडली, तर सासूबाई एकेक उघडून वास घेत बसल्या. जवसापाशी थांबल्या. "अगं, ही तर जवस. आपल्या बरणीत आहे की! ह्याचे एवढे पैसे दिलेस?"

तर विचारायचं असं की तुम्ही नक्की कुठल्या बिया खाता, कशा करून, आणि अंगाला काय लागलं, काय बाधलं? स्वतःचं सांगा. 'सात दिवसांत केस दाट' छापाचे मेसेज सासऱ्यांच्या फोनवरून रोज येतात, तेवढे पुरेत.

खवट

जेवताना वाचू नका. तीन महिने अख्खी जवस दह्यावर टाकून खाल्ली, आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी जशीच्या तशी भेटायची. गुळगुळीत, चकचकीत, एकही फुटलेली नाही. बी टणक आणि आपण काय ते चावून खात नाही. मग कळलं की कुटली, दळली तरच आतलं काही मिळतं.

म्हणून एप्रिलात एकदम किलोभर भाजून दळली आणि डबा गॅसशेजारच्या फळीवर ठेवला. सोलापूरचा एप्रिल. पंधरा दिवसांनी झाकण उघडलं तर रंगाऱ्याच्या डब्याचा वास. हसू नका, ऑइल पेंटमध्ये जवसाचंच तेल घालतात आणि हवा लागली की ते असंच बदलतं. सगळं टाकून दिलं.

आता आठवड्यापुरतीच दळतो, काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये. रोज एक चमचा म्हणजे साधारण ७ ग्रॅम, त्यात ओमेगा-३ दीड ग्रॅमच्या आसपास. मासे खाणारा मित्र म्हणतो की माशातलं ओमेगा वेगळं, जवसातल्याचं शरीरात त्यात रूपांतर फार थोडं होतं. त्याचं बरोबर आहे. पण मी माळकरी, मला हेच. पोट मात्र महिन्याभरात सुतासारखं सरळ झालं, ते बहुतेक चोथ्यामुळे.

टॉवेलवाला

आपला विषय शेंगा चटणी. दाणा हे पण बीच, शेंगेतलं. १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिनं, हे ऐकल्यापासून मी 'प्रोटीन' म्हणून वाटीनं खायला लागलो. कडक भाकरी, दही, चटणी. दुपारी कारखान्यात, रात्री घरी. सहा महिन्यांत वजन पाच किलो वर.

मग एकदा सूत तोलायच्या काट्यावर वाटी ठेवली. ६० ग्रॅम! दाण्यात १०० ग्रॅमला ५६० च्या पुढं कॅलरी. म्हणजे लसूण-तिखट वजा केलं तरी एका वाटीत तीनशेच्या वर, आणि ते भाकरी सोडून. आई म्हणाली, "चटणी हाय बे ती, भाजीगत काय खायलास?"

आता दोन चमचे. सोडणार नाही, कारण उखळात कुटताना तेल सुटून तिचा जो गोळा होतो, तो मिक्सरच्या पिठाला येत नाही. एक मात्र, दाणे घरी निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेला, कडू दाणा आला की फेकायचा. बुरशीचं विष भाजून पुरतं जात नाही.

सूनबाई, जुळे सोलापूर

टॉवेलवाले, चटणीला नावं ठेवल्याबद्दल तुमच्यावर मोर्चा येणार बघा.

पूर्वभागी

आम्ही तेलुगू, मूळचे तेलंगणातले. संक्रांतीला आमच्याकडे सकिनालु. तांदळाच्या ओल्या पिठात तीळ आणि ओवा घालायचा आणि बोटांनी पीठ पिळत पिळत कापडावर गोल गोल वेटोळी घालायची. अम्माची वेटोळी कंपासनं काढल्यासारखी, माझी आमच्या गल्लीतल्या खड्ड्यांसारखी.

हाडं ठिसूळ निघाली तेव्हा कुणीतरी सांगितलं, तिळात दुधाच्या कितीतरी पट कॅल्शियम. खरं आहे, सालासकट तिळात १०० ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या जवळपास. पण १०० ग्रॅम तीळ कोण खातं? चमचाभर तिळात नव्वदच्या आसपास, आणि त्यातलंही सालातल्या ऑक्झलेटमुळे (ते कॅल्शियमला धरून ठेवतं) सगळं अंगी लागत नाही. पांढरेशुभ्र सोललेले तीळ आणले तर सालाबरोबर बहुतेक कॅल्शियमही गेलं. म्हणून मी बिनसोललेले भाजून पोडीत, म्हणजे भातावर घ्यायच्या कोरड्या चटणीत, घालते आणि डॉक्टरांची गोळीही घेते. सकिनालु तळलेले, ते सणापुरतेच.

धसका

चिया. बडीशेपेसारखी कोरडी तोंडात टाकली आणि वर ग्लासभर पाणी प्यायलो. मिनिटाभरात छातीत गोळा. ना खाली जाईना, ना वर येईना. ही बी स्वतःच्या वजनाच्या दहापट पाणी पिते आणि माझ्या घशात बसून तेच करत होती. उलटी झाली म्हणून सुटलो. ज्यांना गिळायचा त्रास आहे त्यांनी तर नादच करू नये. बाकीच्यांनी आधी अर्धा तास भिजवा आणि दिवसभर भरपूर पाणी प्या, नाहीतर उन्हाळ्यात पोट गच्च होतं. सब्जा आपला बरा, फालुद्यात भिजूनच येतो.

नवी आई

बाळंतपणानंतर हिमोग्लोबिन ८.६. आईनं अळिवाचे लाडू सुरू केले: नारळाच्या पाण्यात भिजवलेला अळीव, ओलं खोबरं, गूळ. चवीला अप्रतिम. मी ते कपभर कडक चहाबरोबर खायचे. दीड महिन्यानं तपासलं तर ८.९.

डॉक्टरीणबाई ओरडल्या. आधी लाडवावर भरवसा ठेवून लोहाच्या गोळ्या बंद केल्या म्हणून, मग चहासाठी. बियांतलं लोह तसंही थोडंच शोषलं जातं आणि चहा उरलंसुरलं अडवतो. मग गोळ्या नियमित, लाडू चहापासून दोन तास लांब, आणि जेवणात लिंबू. तीन महिन्यांनी ११.४. ह्यात लाडवाचा वाटा किती, देव जाणे. आई म्हणते सगळा.

डायलिसिसच्या रांगेतून

थोडक्यात सांगतो. किडनीचा त्रास असेल तर भोपळा-सूर्यफुलाच्या बिया मनानं सुरू करू नका. फॉस्फरस, पोटॅशियम भरपूर असतं. मी 'हेल्दी' म्हणून मूठमूठ खात होतो, रिपोर्टनं सांगितलं.

जिरायती, मोहोळ

सगळे चमचा-चमचा करायलेत म्हणून लिहितो. ज्वारी पण बीच आहे की! आमची मालदांडी ही ज्वारीची जात इथल्याच संशोधन केंद्रावर निवडलेली, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रोजच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या की चोथा पोटात जातोच.

करडईचं सांगतो. पूर्वी ज्वारीच्या कडेनं करडईचे पाटे असायचे. काट्यांमुळं जनावर आत शिरत नसे. कोवळी असताना भाजी, पुढं बी, घाण्यावरचं तेल घरचं. काढणी पहाटेच, दवात काटे नरम असतात तोवर. पायांना पोती बांधून, हाताला फडकी गुंडाळून. आता त्या काट्यांत शिरायला मजूर मिळत नाही म्हणून गावात करडई दिसेनाशी झाली, आणि तेल आम्हीच पाकिटातलं आणतो.

आणि एक. दुकानातल्या पेरणीच्या पिशवीतली करडई, सूर्यफूल, जवस खाऊ नका. रंगीत दिसते, ते बुरशीचं औषध चोळलेलं असतं. आमच्याच भावकीतल्या पोरानं मूठभर चघळली होती, रात्र दवाखान्यात गेली.

अव्वाची नात, अक्कलकोट रोड

करडई म्हटल्यावर राहवलं नाही. आम्ही घरात कन्नड बोलतो. अव्वा, म्हणजे आजी, कुसुबी हुग्गी करायची: करडई वाटून तिचं दूध काढायचं आणि शिजलेल्या कांडलेल्या गव्हात गुळाबरोबर घालायचं. गाईचं दूध थेंबभरही नाही. हल्ली दुकानात 'प्लांट मिल्क'चे खोके बघितले की मला अव्वाचा पाटा-वरवंटा आठवतो.

सूनबाई, जुळे सोलापूर

किती वेळ भिजवायची? सासूबाई शेजारी उभ्या आहेत, विचार म्हणतात.

अव्वाची नात, अक्कलकोट रोड

रात्रभर. टरफल फार टणक, त्यामुळं तीनदा वाटून तीनदा फडक्यातून पिळा, पहिल्या पाण्याला सगळं दूध निघत नाही. पातेलं गॅसवर असेपर्यंत ढवळणं थांबवू नका, फुटतं. उरलेला चोथा अव्वा म्हशीला घालायची. जुळे सोलापुरात त्याचं काय करायचं ते तुम्ही बघा.