मदत हवी आहे: ‘नाक’ नीट म्हणते, मग ‘कान’चा ‘तान’ का होतो?

मुलगी पावणेपाच वर्षांची आहे, क चा त आणि ग चा द करते. काका म्हणजे ताता, काकडी म्हणजे तातडी, गाणं म्हणजे दाणं. ऐकू नीट येतं, टाळू आणि जीभही तपासून झालीये, सगळं ठीक. चूक रोज तीच असते, दर वेळी वेगळी होत नाही, त्यामुळे अप्रॅक्सिया (बोलण्याच्या हालचाली मेंदूला नीट जुळवता न येणं) वाटत नाही असं थेरपिस्ट म्हणाल्या. घरचे म्हणतात येईल हळूहळू, पण बरोबरीच्या मुलांना तिचं बोलणं कळत नाही आणि आता ती बोलायचंच टाळायला लागलीये, ते बघवत नाही.

मागच्या आठवड्यात लक्षात आलं की ‘नाक’ आणि ‘एक’ ती एकदम स्वच्छ म्हणते! क शेवटी आला की जमतो, पुढे स्वर आला की त्याचा त होतो. मग जीभ मागे जातच नाही असं कसं म्हणायचं? आणि मी मुद्दाम ‘तान दाखव’ म्हटलं तर चिडून म्हणते, तान नाही, तान!! म्हणजे फरक तिला कळतोय. बर्को आणि ब्राउन या भाषा-मानसशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये फिशला फिस म्हणणाऱ्या मुलाबद्दल हेच लिहिलंय.

शोधताना भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड स्टॅम्पची नॅचरल फोनोलॉजी, म्हणजे मुलं ध्वनी कसे शिकतात याबद्दलची मांडणी सापडली, १९६९ ची. त्याचं म्हणणं असं की मुलाच्या डोक्यात शब्द मोठ्यांसारखाच असतो, उच्चार सोपा करणाऱ्या प्रोसेस जन्मजात असतात आणि भाषा शिकता शिकता मूल त्या एकेक दाबत जातं. वाचून वाटलं हे हिचंच वर्णन आहे. पण मग हीच एक प्रोसेस का दबली नाही? त्याचं उत्तर मला त्यात मिळालं नाही. दुसरीकडे असंही वाचलं की लहान मुलांची जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते, अक्षराच्या सुरुवातीला जोर लागला की ती पुढे जाऊन टेकते, म्हणजे कारण शेवटी शरीरातच की काय?

हे विचारायचं कारण म्हणजे सध्या आम्हाला फुगे फुगवणं आणि जिभेचे व्यायाम दिलेत. अडचण जर ध्वनींच्या नियमाची असेल तर कार-तार, गार-दार अशा जोड्या घेऊन, जिथे ध्वनी चुकला की अर्थच बदलतो, तसं काम करायला नको का? की तिला येणारा ‘एक’ धरून ‘एक कान, एक काका’ असं जोडून म्हणवून घेऊ? या क्षेत्रातल्या कुणी किंवा ज्यांच्या मुलांचं असं होतं त्यांनी प्लीज सांगा, थेरपिस्टकडे परवा जायचंय, त्यांना नेमकं काय विचारू?