उतारा वाढवू, पण ज्वारी काढणार कोण?

शेतीची चर्चा निघाली की म्हणतात, २०५० पर्यंत जगाची लोकसंख्या ९७० कोटींच्या आसपास जाईल, तेव्हा एकरी उतारा, म्हणजे उत्पादन, वाढवण्यावाचून गत्यंतर नाही. अर्धंच पटलं. २०२२ चा मार्च आठवा. १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सगळ्यात तापलेला मार्च. पंजाब-हरियाणात गहू ऐन दाणे भरताना होरपळला, दाणा बारीक राहिला आणि १३ मेला सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. वाण भारी उताऱ्याचंच होतं की! उन्हाने कुठे विचारलं?

आमच्या सोलापूरकडची मालदांडी ज्वारी बघा. मोहोळला निवडलेलं जुनं वाण. परतीच्या पावसाची ओल काळ्या रानात मुरलेली असते, तेवढ्यावर ती उभी राहते. उतारा कमी, कबूल. पण भाकरी माणसाला आणि कडबा जनावराला, हा हिशोब एकरी क्विंटलमध्ये मोजणारे धरतच नाहीत.

मग लोक ऊस का लावतात? गेल्या साली आम्हीही दोन एकर ज्वारी मोडून ऊसच लावला. ज्वारी हाताने उपटून काढायची, धसकटं तळव्यांत घुसतात, आणि पहाटे थंडीत वाकायला माणूस मिळत नाही. ऊस निदान कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते (कधी येईल ते विचारू नका). भरडधान्याचं वर्ष २०२३ मध्ये साजरं झालं, ते छानच. आम्हाला मात्र परवडणारं काढणी यंत्र आणि हमीभावाने खरंच होणारी खरेदी हवी होती.