टक्केवारीच्या अहवालाने वंश सिद्ध होतो का?

पारंबी:
‘लाळेच्या थेंबावरून संगणक माणसाचा खंड ओळखतो, म्हणजे वंश ही निसर्गानेच आखलेली विभागणी आहे,’ असे पूर्वजांचे प्रदेश टक्केवारीत सांगणाऱ्या जनुकीय चाचण्यांवरच्या कालच्या लेखात ठासून लिहिले आहे. ते वाचून गप्प बसवत नाही. माणसामाणसांतील सुमारे ८५ टक्के जनुकीय वैविध्य एकेका लोकसमूहाच्या आतच असते आणि तथाकथित वंशांमधील फरकाच्या वाट्याला जेमतेम ६ टक्के येतात, हे जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ मध्येच दाखवले होते. सर्वाधिक वैविध्य आफ्रिकेत आहे. तिथून बाहेर पडलेल्या लहान गटांनी त्यातला एक हिस्साच सोबत नेला. असे असताना अख्ख्या आफ्रिकेला एकाच वंशात कोंबणे कोणत्या शास्त्रात बसते?

उंबरठा:
लेवाँटिन यांचा तो आकडा किती काळ पुरवणार? संख्याशास्त्रज्ञ ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये त्या युक्तिवादातली त्रुटी नेमकी दाखवली आहे. एकेक जनुक सुटे पाहिले तर फरक क्षुल्लक वाटतो, पण शेकडो जनुके एकत्र पाहिली की मूळ प्रदेश ओळखू येतो. २००२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ५२ समूहांतील १,०५६ व्यक्तींच्या डीएनएवरच्या ३७७ ठरावीक जागा तपासून संगणकाकडून गट पाडून घेतले, तेव्हा पाच गट खंडांप्रमाणेच पडले.

पारंबी:
त्याच अभ्यासात ९३ ते ९५ टक्के वैविध्य समूहांच्या आत आढळले, ते आपण गाळलेत. शिवाय संगणकाला सहा गट पाडायला सांगितल्यावर सहावा गट निघाला तो प्रामुख्याने पाकिस्तानातील कलाश या छोट्या समूहाचा. त्यांना सहावा वंश मानायचे का?

सहोदर:
आकडे राहू द्या, माझे ऐका. मी आणि माझी सख्खी बहीण, दोघांनी अशी चाचणी करणाऱ्या एकाच कंपनीकडे लाळेचे नमुने पाठवले. माझ्या अहवालात ११ टक्के मिळालेला प्रदेश तिच्या अहवालात नावालाही नव्हता. आईने दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारले, ‘यातले माझे मूल कोणते?’ त्या प्रश्नाने घरात दोन दिवस कोणी नीट बोलले नाही. पुढे कंपनीने ज्या लोकांच्या नमुन्यांशी आमची तुलना केली होती ते नमुने बदलले आणि माझे ११ टक्के ३ वर आले. मी तर तोच होतो!

उंबरठा:
हा दोष कंपनीचा आहे, शास्त्राच्या माथी मारू नका. भावंडांना आईवडिलांकडून निम्मी निम्मी जनुके मिळतात, पण तीच निम्मी मिळत नाहीत. एवढी प्राथमिक गोष्ट न समजता अहवाल मागवायचा आणि मग रडायचे, याला काय म्हणावे?

सहोदर:
हेच वाक्य अहवालाच्या पहिल्या पानावर छापले असते, तर माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आले नसते. पैसे घेताना ‘तुमची खरी ओळख’ म्हणायचे आणि नंतर ‘अंदाज’ म्हणायचे, याला मी फसवणूकच म्हणतो. आणि रडण्याबद्दल बोलायचे, तर आपण माझ्या आईला ओळखत नाही.

ओंजळ:
या भांडणात मूळ मुद्दा हरवतो आहे. माझ्या भाच्याला मूळपेशी प्रत्यारोपण हवे होते. त्याचे आईवडील दोन वेगळ्या खंडांतले आणि तो एकुलता एक. एचएलए, म्हणजे प्रत्यारोपणासाठी जुळावी लागणारी पेशींवरची प्रथिने, जुळणारा दाता नोंदणीत महिनोन्महिने मिळाला नाही, कारण त्याच्यासारखा मिश्र वारसा असलेले दातेच तिथे थोडे होते. पूर्वजांना काही अर्थच नाही, असे माझ्यासमोर कोणी म्हणू नये.

पारंबी:
तसे मी म्हटलेले नाही. पण वैद्यकात वारसा मोजावा लागतो, हे मला मान्य करावे लागेल. वारसा म्हणजे वंश मात्र नव्हे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे, पण मलेरियापासून काही संरक्षण देणारे जनुक आफ्रिकेत, भूमध्य समुद्राकाठी, अरबस्तानात आणि भारतातही सापडते. त्याचा माग मलेरियाच्या नकाशावर लागतो, कातडीच्या रंगात नाही.

उंबरठा:
सिकलसेलचे उदाहरण बिनतोड आहे, हे नाइलाजाने लिहितो. ‘वंश’ हा शब्द मी यापुढे वापरणार नाही. पण खंडानुसार गट दिसतात, हे विधान मागे घेत नाही. सहोदर, आपल्या आईविषयी लिहिले ते चुकले.