अमेरिकी सरकारी ग्रँटसाठीचे रिसर्च सिक्युरिटी ट्रेनिंग : कोणते करावे, कोणी करावे? (सल्ला हवा आहे)

पातळथर :

नमस्कार. मी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका राज्य विद्यापीठात मटेरियल सायन्सची सहायक प्राध्यापक आहे. एनएसएफकडे (अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे) पाठवायच्या प्रपोजलचे काम सध्या सुरू असून त्यात माझ्याखेरीज इथले दोन को-पीआय (सहप्रमुख संशोधक) आणि पुण्यातील एका संस्थेतील एक सहकारी आहेत. फिल्म (पदार्थाचे पातळ थर) आम्ही इथे तयार करणार आणि काही मोजमापे पुण्यात होणार, अशी कामाची वाटणी ठरली आहे. रिसर्च सिक्युरिटी ट्रेनिंग (संशोधन गैरमार्गाने परक्या हाती जाऊ नये यासाठीचे प्रशिक्षण) पूर्ण झाल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही, असे विद्यापीठाने कळवले आहे. पण नेमके कोणते ट्रेनिंग आणि कोणाकोणाचे, याचा त्या ईमेलमधून उलगडा होत नाही.

रिस्पॉन्सिबल कंडक्ट ऑफ रिसर्चचा (संशोधनातील सचोटीचा) अभ्यासक्रम मी गेल्या वर्षी केला आहे. तो चालेल का? माझा पोस्टडॉक आणि पीएचडीचे विद्यार्थी यांनाही हे करावे लागेल का? पुण्याच्या सहकाऱ्याचे काय? शिवाय त्या पुण्याच्या संस्थेत माझी मानद अभ्यागत प्राध्यापक म्हणून नेमणूक आहे, मानधन काहीही नाही, आणि तिथल्या एका विद्यार्थिनीची मी सहमार्गदर्शक आहे. याचा या सगळ्याशी संबंध येतो का, हा माझा खरा प्रश्न आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अर्जविभाग :

मी एका विद्यापीठाच्या स्पॉन्सर्ड प्रोग्रॅम ऑफिसमध्ये (संशोधन-अनुदानांचे काम पाहणाऱ्या कार्यालयात) काम करतो आणि दर आठवड्याला हेच प्रश्न माझ्यापुढे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या अटीचे मूळ ऑगस्ट २०२२ च्या चिप्स अँड सायन्स कायद्यात आहे. संघराज्य सरकारच्या पैशावर संशोधन करणाऱ्या ‘कव्हर्ड’ (कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या) व्यक्तीने अर्जाच्या आधीच्या १२ महिन्यांत हे ट्रेनिंग पूर्ण केलेले असावे आणि तसे त्या व्यक्तीने व तिच्या संस्थेनेही प्रमाणित करावे, असे त्या कायद्याने ठरवले. ऊर्जा खात्याने १ मे २०२५ पासून ते लागू केले. एनएसएफने जुलै २०२५ मध्ये नोटीस काढली आणि त्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत अंमल सुरू केला. एनआयएच, म्हणजे आरोग्य-संशोधनाला पैसा देणारी सरकारी संस्था, हीही त्याच वाटेने गेली. तारखा मधल्या काळात पुढेमागे झाल्या आहेत, त्यामुळे ज्या सॉलिसिटेशनला (अर्ज मागवणाऱ्या घोषणेला) अर्ज करणार आहात त्याचा मजकूर आणि तुमच्या ऑफिसचे म्हणणे हेच अंतिम धरावे.

कोणते करावे, याचे उत्तर सोपे आहे. एनएसएफने एनआयएच, ऊर्जा खाते आणि संरक्षण खाते यांच्या सहकार्याने तयार करवून घेतलेली चार मॉड्यूल जानेवारी २०२४ मध्ये खुली झाली. प्रत्येकाला साधारण तासभर लागतो. रिसर्च सिक्युरिटी म्हणजे काय, माहिती उघड करणे, जोखीम ओळखून ती हाताळणे आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य, असे त्यांचे चार विषय आहेत. पुढे सिक्युअर सेंटरने, म्हणजे एनएसएफच्या पैशातून वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली चालणाऱ्या केंद्राने, याच चारांचा गोषवारा असलेले एक तासाभराचे एकत्रित मॉड्यूल काढले. ते मोफत आहे आणि तुमच्या कामाला पुरेसे आहे. विद्यापीठाने हेच साहित्य सिटी प्रोग्रॅमवर (ऑनलाइन प्रशिक्षणाच्या संकेतस्थळावर) किंवा स्वतःच्या प्रणालीत ठेवले असेल, तर तिथेच करावे. नोंद परस्पर ऑफिसकडे जाते आणि सर्टिफिकेटची पीडीएफ इकडून तिकडे पाठवत बसावे लागत नाही.

रिस्पॉन्सिबल कंडक्टचा अभ्यासक्रम मात्र इथे चालणार नाही. गोंधळ होण्याला कारण आहे, कारण जुलै २०२३ च्या अखेरीपासून एनएसएफने त्या अभ्यासक्रमाची व्याप्ती वाढवून प्राध्यापकांनाही त्यात आणले आणि सुरक्षाविषयक धोके व निर्यात नियंत्रण यांचा परिचयही त्यात घालायला सांगितला. तरीही ती स्वतंत्र अट आहे. एकीचे सर्टिफिकेट दुसरीच्या जागी जोडलेले अर्ज मी नेहमी पाहतो.

एनएसएफच्या दृष्टीने कव्हर्ड म्हणजे सीनियर किंवा की पर्सन म्हणून ज्यांची नावे प्रपोजलमध्ये आहेत ते सगळे : पीआय (प्रमुख संशोधक), को-पीआय आणि त्या यादीत घातलेले इतर. पोस्टडॉक व विद्यार्थी त्या यादीत नसतील तर एनएसएफची सक्ती त्यांना नाही, मात्र ऊर्जा खाते आपल्या घोषणेत हे वर्तुळ रुंद करू शकते. पुण्याच्या सहकाऱ्याचे नाव की पर्सन म्हणून असेल, तर त्यांनाही ट्रेनिंग करावे लागेल. ते अमेरिकेबाहेर आहेत म्हणून सूट मिळत नाही.

१२ महिने मोजायचे ते अर्ज दाखल होण्याच्या दिवसापासून मागे. मार्च २०२५ चे सर्टिफिकेट जून २०२६ च्या अर्जाला चालत नाही.

कृष्णाकाठ :

वरील उत्तर बिनचूक आहे, पण धागाकर्तीने जो प्रश्न शेवटी आणि काहीसा संकोचाने विचारला आहे, तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ट्रेनिंग एका दुपारी उरकते. त्यातल्या दुसऱ्या विषयाच्या, म्हणजे माहिती उघड करण्याच्या, कसोटीवर स्वतःचे कागद तपासून पाहणे हे खरे काम आहे, आणि आपल्यासारख्या भारताशी नाते टिकवून असलेल्या लोकांना ते अधिक काळजीने करावे लागते.

मानद नेमणूक बायोग्राफिकल स्केचमध्ये (अर्जासोबतच्या परिचयपत्रात) लिहावीच लागते. मानधन मिळो वा न मिळो, पद पूर्णवेळ असो, अर्धवेळ असो की स्वेच्छेचे, ते नियमाच्या कक्षेत येते. ‘पगार नाही, म्हणजे सांगण्यासारखे काही नाही’ हा आपल्याकडचा सर्रास समज इथे साफ चुकीचा ठरतो. सहमार्गदर्शनामागे संस्थेचे पत्र आणि पद असेल तर तेही त्याच नोंदीत यावे. करंट अँड पेंडिंग सपोर्टमध्ये (चालू व प्रलंबित मदतीच्या तक्त्यात) पैशाखेरीज वस्तुरूप मदतही येते. एनएसएफच्या हिशेबात तिचे मूल्य ५,००० डॉलर किंवा अधिक असेल आणि तिच्यासाठी तुमचा वेळ बांधला जात असेल, तर ती लिहायची. पुण्याचे उपकरण तुमच्या दुसऱ्या एखाद्या प्रकल्पासाठी विनामूल्य वापरायला मिळत असेल, तर त्या वापराचा अंदाज आजच करून ठेवा.

सायएनसीव्हीमध्ये (हे कागद तयार करण्याच्या ऑनलाइन प्रणालीत) पीडीएफ उतरवण्याआधी प्रमाणनाचा जो मजकूर समोर येतो, तो बहुतेक जण न वाचता पुढे ढकलतात. दिलेली माहिती खरी व पूर्ण आहे, असे आपण तिथे व्यक्तिशः लिहून देत असतो, आणि ते सांगणे खोटे ठरले तर त्याला फौजदारी कायदा लागू होतो. माझा आग्रह असा की तो मजकूर एकदा सावकाश वाचावा आणि मगच ट्रेनिंगला बसावे. मग त्यातले प्रसंग कोणा दुसऱ्याचे वाटत नाहीत.

एनआयएचला कधी अर्ज केलात तर परदेशी नेमणुकीची करारपत्रे जोडावी लागतात, आणि ती इंग्रजीत नसतील तर भाषांतरही. भारतातील संस्थांची पत्रे बहुधा इंग्रजीत असतात. द्विभाषिक शासकीय पत्रांच्या बाबतीत हिंदी भागाचे काय करायचे, हे ऑफिसला आधी विचारलेले बरे.

सडेतोड :

नियम समजले. पण या सगळ्यामागचा इतिहास कोणी सांगत नाही, म्हणून लिहितो. ज्या राष्ट्रपती-आदेशातून ही चौकट आली, तो एनएसपीएम-३३ हा आदेश १४ जानेवारी २०२१ रोजी निघाला. त्याच दिवशी एमआयटीचे प्राध्यापक गँग चेन यांना चीनशी असलेले संबंध लपवल्याच्या आरोपावरून अटक झाली. वर्षभराने, जानेवारी २०२२ मध्ये, सरकारी वकिलांनी त्यांच्यावरचे सर्व आरोप मागे घेतले. अशाच खटल्यातून टेनेसी विद्यापीठाचे अनमिंग हू सप्टेंबर २०२१ मध्ये निर्दोष सुटले. २०१८ मध्ये सुरू झालेला ‘चायना इनिशिएटिव्ह’ (चीनशी संबंधित हेरगिरी व तंत्रज्ञान-चोरीविरुद्धची खटल्यांची मोहीम) न्याय खात्यालाच फेब्रुवारी २०२२ मध्ये गुंडाळावा लागला. तेव्हा या ट्रेनिंगला केवळ एक निरुपद्रवी औपचारिकता समजू नये. आज ‘चिंतेचे देश’ म्हणून चीन, रशिया, इराण आणि उत्तर कोरिया यांची नावे आहेत. उद्या यादी बदलली तर पुण्याशी असलेले संबंध कोणत्या खात्यात जमा होतील, हा प्रश्न मला तरी अप्रस्तुत वाटत नाही. मूलभूत संशोधन शक्य तितके निर्बंधमुक्त राहावे, असे रेगन यांच्या काळातल्या १९८५ च्या एनएसडीडी-१८९ या आदेशाने सांगितले होते, आणि तो आदेश रद्द झालेला नाही, हेही लक्षात असू द्यावे.

कृष्णाकाठ :

सडेतोड यांनी दिलेल्या घटना खऱ्या आहेत आणि त्यांचा रागही समजण्यासारखा आहे. चिनी वंशाच्या सहकाऱ्यांनी त्या काळात काय सोसले ते मी विभागात जवळून पाहिले आहे. तरीही धागाकर्तीने त्यातून ‘भारताचा उल्लेख टाळावा’ असा अर्थ काढू नये, कारण टाळण्यातच जोखीम आहे. हार्वर्डचे चार्ल्स लीबर यांना डिसेंबर २०२१ मध्ये दोषी ठरवण्यात आले ते वुहानमधील विद्यापीठाबरोबर संशोधन केले म्हणून नव्हे. त्या संबंधाविषयी सरकारी तपासयंत्रणांना खोटे सांगितले आणि तिथले उत्पन्न करविवरणात दाखवले नाही म्हणून. संस्थांचीही सुटका होत नाही. व्हॅन अँडेल संशोधन संस्थेने २०१९ मध्ये ५५ लाख डॉलर, स्टॅनफर्डने २०२३ मध्ये सुमारे १९ लाख डॉलर आणि क्लीव्हलँड क्लिनिकने २०२४ मध्ये ७६ लाख डॉलर भरून प्रकरणे मिटवली. त्या तिन्हींच्या मुळाशी संशोधकांना मिळणाऱ्या इतर, विशेषतः परदेशी, मदतीची माहिती अर्जात न दिल्याचा आक्षेप होता. विद्यापीठे आज इतकी काटेकोर का झाली आहेत, ते यावरून कळेल.

यादी उद्या बदलेल की नाही, हे आपल्या हातात नाही. ती बदललीच, तर आज लिहून ठेवलेली नोंद आपल्या बाजूने साक्ष देईल.

हडपसरकर :

मी नदीच्या दुसऱ्या तीरावरचा, म्हणजे पुण्यातून अशा अर्जात सहभागी होणारा आहे. ट्रेनिंग इथून ऑनलाइन करता येते, त्यात अडचण काही नाही. अडचण आली ती नावाची. माझ्या पासपोर्टवर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन भाग आहेत, ऑर्किडवर (संशोधकांच्या ओळख-क्रमांकाच्या नोंदीत) मधले अक्षर आहे आणि शोधनिबंधांवर तेही नाही. सर्टिफिकेटवर मी सवयीने पूर्ण नाव घातले. ज्या विद्यापीठामार्फत अर्ज जाणार होता तिथल्या कार्यालयाने ही तीच व्यक्ती कशावरून, असे विचारून ते परत पाठवले, आणि मुदतीच्या आदल्या आठवड्यात पत्रापत्रीचा घोळ झाला. लग्नानंतर नाव बदललेल्या सहकाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. तेव्हा सायएनसीव्ही, ऑर्किड आणि सर्टिफिकेट या तिन्ही ठिकाणी नाव अक्षरशः एकच ठेवावे, अशी सूचना आपल्या सहकाऱ्याला आधीच करावी.

दुसरे असे की, भारतातील सहकाऱ्याला नुसता दुवा पाठवून ‘एवढे करून टाका’ असे म्हणू नये. इथे अनेकांना हा प्रकार आपल्यावरच्या संशयासारखा वाटतो. अमेरिकेतील पीआयलाही हेच करावे लागते, हे एका ओळीत सांगितले की गैरसमज राहत नाही.

पातळथर :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकत्रित मॉड्यूल आज पूर्ण केले आणि मानद नेमणुकीचे पत्र शोधून ऑफिसकडे पाठवले. सहकाऱ्यांना नावाविषयीची सूचनाही कळवली आहे. आता शेवटची शंका. पुण्याच्या संस्थेने मला वैभव फेलोशिपसाठी (परदेशस्थ भारतीय संशोधकांसाठीच्या भारत सरकारच्या योजनेसाठी) अर्ज करण्याचे सुचवले आहे. ज्याला ‘मॅलाइन फॉरेन टॅलेंट प्रोग्रॅम’ (परदेशाचा घातक प्रतिभा-भरती कार्यक्रम) म्हणतात त्यात ती मोडते का? तशा कार्यक्रमात आपण सहभागी नाही, असेही प्रमाणित करावे लागते म्हणून विचारते.

अर्जविभाग :

त्या संज्ञेच्या व्याख्येला दोन पाय आहेत आणि दोन्ही असल्याशिवाय ती लागू होत नाही. पहिला पाय करारातील अटींचा : बौद्धिक संपदा परवानगीशिवाय हस्तांतरित करणे, इतरांना भरती करून आणणे, करार सोडता न येणे, तो लपवून ठेवणे, मूळ संस्थेचा उल्लेख गाळणे अशांपैकी एखादी तरी अट त्यात असावी लागते. दुसरा पाय पुरस्कर्त्याचा : कार्यक्रम चिंतेच्या चार देशांपैकी एखाद्याचा किंवा तिथल्या संस्थेचा असावा, अथवा संरक्षण खात्याच्या यादीत नाव असलेल्या संस्थेचा वा कार्यक्रमाचा असावा. भारत त्या चार देशांत नसल्याने केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वैभव फेलोशिप आजच्या व्याख्येत बसत नाही, आणि ते प्रमाणन तुम्हाला निश्चिंतपणे देता येईल. हे प्रमाणन एनएसएफचे ग्रँट मिळाल्यावर पीआय व को-पीआय यांना दरवर्षी पुन्हा द्यावे लागते.

मात्र ‘मॅलाइन’ नाही म्हणजे सांगायचे नाही, असे होत नाही. वैभवमध्ये वर्षाकाठी एक ते दोन महिने भारतात काम करायचे असते आणि दरमहा ४ लाख रुपये मिळतात. तेव्हा ते पद बायोग्राफिकल स्केचमध्ये आणि रक्कम व पर्सन-मंथ (त्या कामाला दिलेले महिने) करंट अँड पेंडिंगमध्ये दाखवावे लागतील. मंजुरी येण्याआधी, केवळ अर्ज केलेला असतानाही, तो ‘पेंडिंग’ म्हणून लिहावा लागतो. ही नोंद हमखास राहून जाते. तुमची नेमणूक नऊ महिन्यांची असेल आणि उन्हाळ्याचे दोन महिने आधीच एनएसएफच्या ग्रँटवर टाकलेले असतील, तर वैभवचे दोन महिने बसवायचे कुठे, हा हिशेब आधी करावा. बारा महिन्यांच्या वर कोणालाच जाता येत नाही.

यासाठी विद्यापीठाची बाह्य कामाची लेखी परवानगी फेलोशिपच्या अर्जाआधी घ्यावी आणि भारतातील मुक्कामात विद्यापीठाचा उसना लॅपटॉप मिळतो का ते विचारावे. मोजमापाच्या उपकरणांपैकी किंवा सॉफ्टवेअरपैकी काही निर्यात नियंत्रणाच्या यादीत येते का, ते एक्स्पोर्ट कंट्रोल ऑफिस सांगेल. त्या ईमेलमध्ये फिल्मचे घटक, उपकरणाचे मॉडेल आणि पुण्याला नेमके काय पाठवणार याचा तपशील द्यावा, म्हणजे उत्तर एका फेरीत येते.