वयात येताना तुम्हाला कुणी काय सांगितलं?

पाऊलखुणा:
काल भाचीचा फोन आला. अगदी दबक्या आवाजात, "मावशी, पांढरं जातंय, मला काही झालंय का?" तिला म्हटलं, पहिली पाळी यायच्या सहा महिने-वर्षभर आधी असं होतं. खाज नाही, घाण वास नाही, मग घाबरू नकोस. फोन ठेवला आणि तिच्या वयाची मी आठवले. मला मोठा आजार झालाय असं समजून मी रात्री जागून काढायचे. आईने नंतर एका वाक्यात उरकलं, "आता सांभाळून राहायचं." काय सांभाळायचं ते नाहीच. तुम्हाला कुणी, कधी सांगितलं? पुरुषांनीही लिहा प्लीज.

निशिगंध:
अगदी अगदी! शाळेत फक्त मुलींना बसवलं होतं, मुलांना खेळायला सोडलं. बाहेर आल्यावर ती विचारतायत काय सांगितलं, आणि आम्ही सगळ्या गप्प.

रानवारा:
मुलांना कुणीच काही सांगत नाही हो. झोपेत वीर्य गेलं की ताकद जाते, हे मोठ्या पोरांकडून ऐकलेलं. त्या धास्तीत अभ्यास सुटला, एका भोंदूच्या पुड्याही खाल्ल्या. हे नॉर्मल आहे, शरीर वीर्य बनवतच असतं, एवढं कुणी म्हटलं असतं तरी पुरे होतं.

मुक्ता_क:
थोडं अवांतर, पण लिहितेच. मुलाला रात्री एकदम वृषणात कळ आली, उलटी झाली. लाजून "पोट दुखतंय" म्हणत राहिला. बाबांनी खोदून विचारलं म्हणून कळलं. पीळ पडला होता! साधारण ६ तासांत ऑपरेशन झालं तर वृषण बहुतेक वेळा वाचतं, पुढे शक्यता भराभर कमी होते. त्याचं वाचलं. मुलगे असतील त्यांनी आजच सांगा, तिथे दुखलं तर लगेच बोलायचं, रात्र असली तरी.

निशिगंध:
बापरे. आता कसा आहे?

मुक्ता_क:
मस्त. फुटबॉल परत सुरू.

रानवारा:
हे मलाही माहीत नव्हतं. आत्ता लेकाला सांगून आलो. "बरं" म्हणाला आणि दार लावून घेतलं :)

दवबिंदू:
ड्यूटीवर निघतेय, घाईत. मी नर्स आहे. गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या तातडीच्या गोळीसाठी मुली येतात तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. ती गोळी, म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेल, संबंधांनंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. ती बीज बाहेर पडणं लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही. संसर्ग मात्र तिने टळत नाही, त्याला कंडोमच. आणि कंडोमवर तेल, व्हॅसलीन नको, लेटेक्स फाटतं. क्लॅमिडिया हा संबंधांतून होणारा संसर्ग बऱ्याचदा काही लक्षण न दाखवता गर्भनलिका खराब करतो. अँटिबायोटिकने बरा होतो हो, पण ओरडा बसेल म्हणून पोरं तपासायलाच येत नाहीत.

आमोद:
एवढं सांगितलं तर मुलं नको त्या वयात नको ते करतील असं नाही का वाटत? मनापासून विचारतोय, मुलगी ११ची आहे.

दवबिंदू:
नाही होत तसं. युनेस्कोने २०१८मध्ये लैंगिक शिक्षणाची सुधारित मार्गदर्शिका काढली, त्यात अनेक देशांतले अभ्यास पाहून हेच म्हटलंय की अशा शिक्षणाने संबंध लवकर सुरू होत नाहीत. आणि ११ म्हणजे एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा विषाणू) लशीचंही वय (९ ते १४), डॉक्टरांशी बोला.

आमोद:
धाकट्यालाही देतात का? तो ९चा.

दवबिंदू:
हो, बऱ्याच देशांत मुलग्यांनाही देतात. पळते आता.

अबोली:
माझं वेगळं आहे. लहानपणी ओळखीच्याच एका माणसाचा स्पर्श नकोसा व्हायचा. कुणाला सांगायचं, सांगितलं तर चालतं का, काहीच माहीत नव्हतं. दोष माझा नव्हता हे खूप मोठेपणी कळलं. जास्त नाही लिहवत.

पाऊलखुणा:
अबोली, इथे लिहिलंस हेच खूप आहे गं. जवळ असतेस तर मिठी मारली असती.

निशिगंध:
अबोली, तुझ्या विपुत (विचारपूस) निरोप ठेवलाय. सावकाश बघ.

मुक्ता_क:
कुणाच्या मुली पाळीत पॅडऐवजी कप (मेन्स्ट्रुअल कप) वापरतात का? माझी लेक पोहते, पाळीत चार दिवस घरी बसून चिडचिड.

निशिगंध:
माझी वापरते. लहान आकाराचा घे, सुरुवातीला जमत नाही, वेळ दे तिला. १२ तासांच्या आत रिकामा करायचा. पोहायला काहीच अडचण नाही.