मायस्थेनियाच्या पेशंटने मसल रिलॅक्संट सरसकट नाकारावं का?

नौपाड्याची लेक: आईला 2019 पासून मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे. नसेचा निरोप घेणारे स्नायूवरचे रिसेप्टर तिचीच प्रतिकारशक्ती निकामी करते. गेल्या महिन्यात तिची कंबर धरली. मेडिकलवाल्याने काही न विचारता पेनकिलर आणि मसल रिलॅक्संट, म्हणजे स्नायू ढिले करणारं औषध, एकत्र असलेली स्ट्रिप दिली. दुसऱ्या रात्री भाकरीचा घास चावताना तिने हनुवटी हाताने धरली होती. डावी पापणी मिटलेली. एका श्वासात आकडे मोजायला सांगितले, तर बारालाच दम संपला. पाच दिवस आयसीयू. माझं मत पक्कं आहे: या आजारात मसल रिलॅक्संट नकोच, ना गोळी, ना ऑपरेशनमध्ये.

नेरूळचा भूलतज्ज्ञ: आईंना लवकर बरं वाटो. पण ‘नकोच’ला माझा विरोध आहे. नाव एक असलं तरी ही औषधं दोन जातींची. कंबरेच्या गोळ्या, म्हणजे क्लोरझोक्साझोन, टिझानिडीन, मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करतात. गुंगी आणतात, ढिलं पाडतात, म्हणून तुमच्या आईंनी टाळलेल्या बऱ्या. ऑपरेशनमधलं रोक्युरोनियम मात्र थेट नस-स्नायूच्या जोडावर बसतं. तिथे रिसेप्टर आधीच कमी, त्यामुळे थोड्या डोसनेही स्नायू पूर्ण ढिले पडतात. पण आम्ही डोस कमी करतो, मनगटावर स्टिम्युलेटर लावून अंगठा किती हलतो ते बघतो, शेवटी सुगॅमाडेक्सने असर उतरवतो. कित्येकदा रिलॅक्संटशिवायही भूल देता येते. घाबरून फुटायला आलेलं अपेंडिक्स घेऊन घरी बसलात तर काय?

आणखी एक. तेव्हा अँटिबायोटिक चालू होतं का?

कोपरीचा केमिस्ट: सगळा दोष काउंटरवर नको. लोक ‘कंबर धरलीय, काहीतरी द्या’ एवढंच म्हणतात. आजार कोण सांगतं?

नौपाड्याची लेक: चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसते ना ती गोळी? विचारलं असतं तर आईने सांगितलं असतं. आणि डॉक्टर, हो. लघवीला जळजळ म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन चालू होतं. तेही त्याच काउंटरवरून आणलेलं.

नेरूळचा भूलतज्ज्ञ: मग माझा पहिला संशय त्याच्यावर. त्या गटातल्या अँटिबायोटिकने मायस्थेनिया बळावतो. जंतुसंसर्गानेही बळावतो. एकट्या गोळीला फाशी देऊ नका.

ऐरोलीचा बाबा: माझ्या मुलाला डुशेन आहे, स्नायू झिजत जाणारा जन्मजात आजार. भूल देताना स्नायू ढिले करायला देतात त्या सक्सिनिलकोलीनला आमच्याकडे ‘नकोच’ हाच शब्द. खराब झालेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं आणि हृदय थांबू शकतं. निदान व्हायच्या आधीच हे इंजेक्शन मिळाल्याने मुलं दगावली आहेत. आम्ही फाईलच्या कव्हरवरच लाल पेनाने लिहून ठेवलंय. भूल देणारा दर वेळी नवा असतो, त्याने आतली पानं उलटायची वाट आम्ही का बघायची?

नेरूळचा भूलतज्ज्ञ: डुशेनपुरता माझा शब्द मागे घेतो, तुमचं शंभर टक्के बरोबर. मायस्थेनियात सक्सिनिलकोलीनचं उलटं असतं, नेहमीच्या डोसला स्नायू नीट दादच देत नाहीत. म्हणूनच ‘सरसकट’ शब्द खटकतो.

नौपाड्याची लेक: गोळीचं मी सोडणार नाही, दोन्ही औषधं न विचारता दिली गेली. ऑपरेशनचं पटलं. पित्ताशयातल्या खड्यांची तारीख मी भीतीने दोनदा पुढे ढकललीय. त्या सकाळी पायरिडोस्टिग्मिन, म्हणजे मायस्थेनियाचं औषध, द्यायचं की नाही?

नेरूळचा भूलतज्ज्ञ: ते इथे ठरवू नका. न्यूरोलॉजिस्ट आणि भूलतज्ज्ञ, दोघांना आधी भेटा. फुफ्फुसांची तपासणी करून घ्या, आणि ऑपरेशननंतर आयसीयूत बेड मिळेल का ते तारीख घेतानाच विचारा.